किसन, कोरगावकरांच्या परड्यातली भिंत

किसन,

तुला जाऊन अजून पुरता महिनाही झाला नाही आणि माझं एक विचित्र होऊन बसलंय. रस्त्याने चाललो की नजर आपोआप भिंतींच्या पायाशी जाते. भांडुपला आमच्या चाळीमागे टेकडी कापलीय ना, तिथे पोरं क्रिकेट खेळतात. संध्याकाळी ती घरी परतेपर्यंत मी खिडकीतून हलत नाही. बायको म्हणते, "तुम्हाला किसनभावोजींचं लागलं." खरंच लागलंय. तू होतास तोवर आपल्या धंद्यात घाबरायचं खातं तुझ्याकडे होतं. मी गिऱ्हाइकांशी बोलायचो, माल आणायचो, बिनधास्त झोपायचो. आता ते खातं माझ्याकडे आलंय, आणि मला ते काम येत नाही रे.

घाटकोपरला तुमच्या वस्तीत तुझ्या शोकसभेला वंदना झाल्यावर एकेकजण उठून बोलला. मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, बिडीलासुद्धा शिवला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, आता पार्टनर बोलणार म्हणून. मी नाही बोललो. आमचा किसन घाबरट होता, हे तिथे कसं सांगायचं? आणि ते सोडून दुसरं काय सांगायचं? तुझी प्रत्येक भिंत भीतीतून उभी राहिली होती.

गिरणी बंद पडली तेव्हा मी कसलंही काम करायला तयार होतो. तू मला उचललंस आणि हातात माती ठोकायचा धुमस दिलास. मुलुंड, बोरिवली, अंधेरी, जिथे अजून बंगले आणि परसं शिल्लक आहेत तिथे आपली कामं. कुणाला मागच्या बाजूला बसायला ओटा हवा, कुणाला फाटकापासून पायरीपर्यंत फरशीची वाट. तू आधी काळी माती उपसून काढायचास, मुरूम टाकून ठोकायचास, पाणी मारून परत ठोकायचास. घराकडे एक थेंब येता कामा नये असा उतार द्यायचास. फरशी बसवताना तू गाणी म्हणायचास, मोठ्याने, बेसूर. अंधेरीच्या त्या पारशीणबाई खिडकी लावून घ्यायच्या.

पण डोंगराची माती अडवायची भिंत असली की तुझा आवाज बंद. सबंध दिवस गप्प. चहासुद्धा उभ्याने, भिंतीकडे तोंड करून. पाया माझ्या कमरेएवढा खणला तरी तुझं आपलं, "अजून." काळा दगड लावायचा, भिंत डोंगराकडे जराशी रेललेली ठेवायची, तिच्या पाठीमागे हाताने खडी भरायची, पाणी बाहेर पडायला पाइपाचे तुकडे सोडायचे. भोकांतून पाणी गळताना दिसलं की मालक कुरकुरायचे, "अहो, नवी भिंत आणि गळतेय?" आणि तू खूष व्हायचास. "गळू द्या साहेब. गळायची थांबली की मला बोलवा."

"किल्ले बांधतोस तू," मी म्हणायचो. "बंगलेवाल्यांना किल्ला नकोय, गुलाबाच्या कुंड्या ठेवायला भिंत हवीय."

"वश्या, माती कुंड्या बघून थांबत नाही."

मग तुझं नेहमीचं सुरू व्हायचं. भिंतीची कामं सोडून देऊ. नुसती फरशी घालू, वाटा करू, ओटे बांधू. "आडवं काम कुणाला मारत नाही," असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, आपण सोडली तर दुसरा कोणीतरी येऊन चार इंची विटा रचून गिलावा करून जाईल, ते चालेल तुला? पुढच्या कामाला परत तोच वाद. तो आपला वाद कधी संपलाच नाही. आता मला एकट्याला दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं.

तुझी भीती कुठून आली ते तू एकदाच सांगितलंस. बोरिवलीला, दुपारी, डबे खाऊन झाल्यावर. गावाकडे दसऱ्याआधी घरं सारवायला बायका माळावरच्या खाणीतून पांढरी माती आणायच्या. तुझी मोठी बहीण कमल आत शिरून खणत होती, तू बाहेर घमेलं धरून उभा. शाळेतसुद्धा जात नव्हतास तेव्हा. ती म्हणाली, "थांब, अजून एक घमेलं काढते." वरून बारीक माती गळत होती, पिठासारखी. "मी बघत होतो रे," तू म्हणालास. "मला मजा वाटत होती. मग वरचं सगळं खाली बसलं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही." एवढं बोलून तू डबा धुवायला उठलास. मी तुला पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, कोण जाणे. तुला ते नको होतं असं मला वाटलं.

आता मुलुंडचं. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला परत सांगू दे, कारण पुढचं तुला ठाऊक नाही.

सामंतबाईंच्या बंगल्यात आपण मागच्या ओट्याचं काम करत होतो. बाई रिटायर्ड मेट्रन, माझ्याच गावाकडच्या, तोंडाने फाटक्या आणि मनाने चांगल्या. शेजारचा बंगला कोरगावकरांचा. त्यांच्या परड्याच्या मागे डोंगर कापून भिंत घातलेली. विटांची, वरून गिलावा, वर पिवळा रंग. पाणी जायला एक भोक नाही. तू पहिल्या दिवशीच ती बघितलीस आणि सामंतबाईंना विचारलंस, ही कोणी बांधली? बाईंना माहीत नव्हतं. त्यानंतर आठवडाभर धो धो कोसळला. आपलं काम बंद. उघडीप मिळाली म्हणून आपण परत आलो, तर कोरगावकरांच्या परड्यात ताडपत्री बांधलेली, पाट मांडलेले, झोपाळ्याला फुलांच्या माळा. धाकट्या सुनेचं डोहाळजेवण. बायकांचा नुसता गलका.

तू कुंपणाजवळ गेलास आणि तिथेच थांबलास. मी हाक मारली, तू वळला नाहीस. जवळ येऊन बघतो तर तुझ्या तोंडावरचा रंग गेलेला. "वश्या, गेल्या खेपेला भिंतीच्या बुडातून पाणी झिरपत होतं. एवढ्या पावसानंतर आज कोरडं आहे, पाणी आत तुंबलंय." मी म्हटलं, पाऊस थांबला म्हणून असेल. "पोट बघ तिचं," तू म्हणालास. बघितलं. मधोमध फुगली होती खरी, पण मला वाटलं आधीपासूनच तशी असेल. वरचं पेरूचं झाड घराकडे कललं होतं. आणि एका चिरेतून बारीक माती गळत होती.

तू कुंपण ओलांडून गेलास. आधी नीटच बोललास, हात जोडून. "आई, पानं इथून उचला. पुढच्या अंगणात जेवा. ही भिंत धोक्याची आहे."

कोरगावकरांच्या आजी म्हणाल्या, "पाऊस होता तेव्हा नाही पडली, आता उन्हात पडतेय होय? जा बाबा, तुझं काम कर. जेवण झाल्यावर तुम्हा दोघांना वाढते." चांगल्याच होत्या त्या बिचाऱ्या. बायका हसल्या. तू परत सांगितलंस. मग तुझा आवाज चढला, मग तू ओरडायलाच लागलास, आणि त्यांना वाटलं हा प्यायलाय.

थोरल्या सुनेची छोटी, चिऊ, भिंतीला टेकून वाटीतला भात खात बसली होती. तू तिला उचललंस आणि घराला वळसा घालून रस्त्यावर धावत सुटलास.

"पोरगी नेली! पोरगी नेली! पकडा!"

किसन, तसलं दृश्य मी पुन्हा बघणार नाही. सगळं डोहाळजेवण तुझ्यामागे धावत होतं. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, फुलांचे दागिने घातलेली ती गरोदर मुलगी, हातात ओगराळं घेतलेला आचारी. परड्यात चिटपाखरू उरलं नाही. तुला तेच हवं होतं. नाक्यावर तू चिऊला मोरीच्या कठड्यावर अलगद बसवलंस आणि दोन्ही हात वर करून उभा राहिलास. तोवर गल्लीतले पुरुष पोचले होते.

मी तुला वाचवायला तुझ्या अंगावर पडलो तेव्हा मलाही फटके बसले, पण तुला आधीच फार लागलं होतं. ओठ फुटलेला, एक डोळा बंद होत चाललेला. खालून तू मला विचारलंस, "सगळे बाहेर आले का?"

"आले."

मग आपण वाट बघितली. तू, मी. हळूहळू मारणारेही थांबले आणि तुझ्या नजरेमागे बघायला लागले. बंगल्याच्या कडेने दिसणारी ती भिंत उभी होती. इतकी शांत उभी होती की मला तिचा राग आला.

सामंतबाई काठी टेकत आल्या. "मेल्यांनू, जीव घेतलात काय त्याचो?" म्हणून त्यांनी गर्दी मागे सारली. पण कोणीतरी पोलिसांना बोलावलंच होतं. चौकीत साहेबांनी तुझं तोंड हुंगलं, काही वास नाही. तक्रार द्यायला कोरगावकरांची थोरली सून आली, नलिनीताई, चिऊची आई. चिऊ तिच्या कडेवर. तिने तुझ्याकडे खूप वेळ बघितलं. तू एवढंच म्हणालास, "ताई, मागचं दार बंद ठेवा."

ती साहेबांना म्हणाली, "मला तक्रार द्यायची नाही." आणि निघून गेली.

त्यानंतर तू फारसा बोलला नाहीस. काम देणारे तुझी चेष्टा करायचे किंवा तुला लांब ठेवायचे. पोरं पळवणारा गवंडी, अशी आवई बोरिवलीपर्यंत गेली. मी भांडायचो, तू भांडायचा नाहीस. रोज सकाळी भेटलो की तुझा एकच प्रश्न, "बघून आलास?" मी मुद्दाम मुलुंडला उतरून सामंतबाईंच्या गच्चीवरून बघून यायचो. "उभी आहे," मी सांगायचो. तू मान हलवायचास.

मग तुला ताप आला. आधी वाटलं, मार मुरलाय अंगात. मग डोळे पिवळे झाले. हॉस्पिटलात जनरल वॉर्डमध्ये पंखा गरगरत होता आणि तू चादर गळ्यापर्यंत ओढून थरथरत होतास. सुलोचनावहिनी पायाशी बसलेल्या. तू डोळे न उघडता विचारलंस, "बघून आलास?"

"उभी आहे."

"मग मीच खुळा रे." तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. "कमलच्या वेळेपासून डोक्यात भरलंय. लोकांच्या भिंतींत मी तीच माती बघतो."

"खुळा नाहीस तू."

"मग पडत का नाही ती?"

तेव्हापासून मला काय व्हायला लागलं ते मी तुला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. गच्चीवर चढताना मनात यायचं, आज पडलेली असू दे. तुला जाऊन सांगता येईल, तुझ्या तोंडावर जरा रंग येईल. आणि वर पोचलो की परड्याकडे बघायची हिंमत व्हायची नाही, कारण पडली असेल तर तिथे कोण असेल? चिऊ असेल? दोन्ही गोष्टी एकाच छातीत. पडावी, आणि पडू नये. मला माझीच भीती वाटायची, किसन.

एका सकाळी वॉर्डात पोचलो तर तुझ्या खाटेवर दुसराच पेशंट. वहिनी जिन्यात बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "बघून आलात का?" मला वाटतं, तुझा प्रश्न त्यांच्या तोंडात राहून गेला होता. मी त्या दिवशी बघून आलो नव्हतो.

आता ऐक. भिंत पडली.

तू गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी. सामंतबाईंचा फोन आमच्या वाण्याकडे आला, वाण्याचा माणूस धावत आला. मी टॅक्सी केली, आयुष्यात पहिल्यांदा. ऊन होतं रे, कडक ऊन. पावसाचा टिपूस नव्हता. गिलाव्याचे पिवळे तुकडे झोपाळ्यापर्यंत आलेले. पेरूचं झाड उभंच्या उभं खाली घसरून परड्याच्या मधोमध येऊन थांबलं होतं, त्याला पेरूही होते. पाट मांडले होते तिथे माझ्या छातीएवढा चिखलमातीचा ढीग. मागचं दार खालून फुटलेलं, आणि फुटलेल्या फळ्यांवर कडी तशीच, तिला कुलूप तसंच.

मी नावं घेत सुटलो. आजी कुठे आहेत, चिऊ कुठे आहे. सगळे पुढच्या अंगणात होते. सगळे, किसन. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकीतून घरी गेली त्या दिवसापासून नलिनीताईने त्या दाराला कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला बांधली होती. सासू रोज बोलायची. कपडे कुठे वाळत घालायचे, तुळशीला पाणी कसं घालायचं, एका वेड्याच्या नादी लागून घर कोंडून घेतलंय. नवरासुद्धा हसला. तिने किल्ली दिली नाही.

मी त्या ढिगासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, "तू बरोबर होतास." लोक बघायला लागले. मला रडू आलं, आणि हायसंही वाटलं, आणि लगेच परत धडकी भरली, कारण वरची माती अजून सुटत होती. मी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. या वेळी ओरडावं लागलं नाही.

नलिनीताई माझ्याकडे आली. "ते कुठे असतात? मला त्यांना भेटायचंय."

"ते नाहीत, ताई."

"गावाला गेलेत?"

"वारले."

ती तिथेच पायरीवर बसली. चिऊने तिचा पदर ओढला. "आई, पळायचे ते काका?" तिला तो खेळच वाटला होता बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी तिला तुमच्या घरी घेऊन गेलो. वहिनी दारात उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. "आधी मारलंत," त्या म्हणाल्या, "आता आलात." मी मध्ये बोलायला गेलो तर मला हाताने थांबवलं. नलिनीताई खाली मान घालून उभी. काही सबब सांगितली नाही तिने. "हो, मारलं," एवढंच म्हणाली. "तुमच्या माणसामुळे माझी मुलगी आहे." वहिनींचा चेहरा हलला नाही. मग आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. नलिनीताई तिथेच उभ्याने पाणी प्याली. वहिनींनी विचारलं, "आता भिंत कोण बांधणार?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी नाही म्हणणार होतो. आडवं काम करीन, म्हणणार होतो. तू असतास तर जिंकला असतास त्या दिवशी. मी नलिनीताईला स्पष्ट सांगितलं, "मला भीती वाटते. तो होता तेव्हा मी बघतच नव्हतो, तो बघायचा."

ती म्हणाली, "मग घाबरत घाबरत बांधा. पण दुसरं कोणी नको आम्हाला."

म्हणून आता रोज मुलुंडला जातो. आधी वरची सैल माती उतरवून घेतली, पेरू तोडला. दोन बिगारी राडारोडा वाहतात. आज पायाला सुरुवात करायची होती. तुला माहीतच आहे, डोंगराच्या उभ्या कापाच्या खाली खणताना एकजण खणतो आणि दुसऱ्याने वर बघत राहायचं असतं. आजवर मी खणायचो. बिगाऱ्यांवर माझा विश्वास बसेना, ते गप्पा मारतात. मी कुदळ घेऊन तसाच उभा राहिलो. सकाळ फुकट गेली.

नलिनीताई स्वयंपाकघरातून बघत होती. पदर खोचून बाहेर आली. "काय अडलंय?"

मी सांगितलं.

"मी बघते वर. काय बघायचं ते शिकवा."

मी शिकवलं, मला जेवढं येतं तेवढं. काय दिसलं की ओरडायचं, उगाच ओरडलं तर लाजायचं नाही हेही सांगितलं. तिने चिऊला सामंतबाईंकडे धाडलं आणि परड्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभी राहिली. ऊन डोळ्यांवर येत होतं, तिने कपाळावर हात धरला.

मी खाली उतरलो. समोर ती सगळी माती, ओली, लाल, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. मी कुदळ एकदा उगारली आणि तशीच खाली ठेवली.

"थांबू या का?" तिने विचारलं.

"नको. तुम्ही फक्त नजर हटवू नका."

"नाही हटवत," ती म्हणाली.

मग मी खणायला लागलो.